दोन सेकंद आणि दहा दिवस

काही वर्षांपूर्वी माझी एक कविता एका दिवाळी अंकात छापून आली. अंक हाती पडल्यावर कुणाला तरी दाखवल्याशिवाय कवीला चैन पडत नाही. अर्जुनी मोरगावला माझ्या शेजारी एक निवृत्त हवालदार राहतात. सारा मोहल्ला त्यांना हवालदार काका म्हणतो, मीही म्हणतो. ते अंगणात खाट टाकून बसले होते. मी म्हटले, "काका, मॅगझीनमध्ये कविता आली." त्यांनी चष्मा वर केला आणि गंभीरपणे विचारले, "भाई, आमच्या मॅगझीनमधी तेरा मावत. तुमच्या मॅगझीनमधी किती मावते?"

त्या दिवशी आम्ही दोघेही खूप हसलो. पण घरी आल्यावर तो शब्द डोक्यातून जाईना. नियतकालिकही मॅगझीन आणि पिस्तुलात गोळ्या भरायची पत्र्याची डबीही मॅगझीनच. हे कसे?

शोध घेतला तर शब्द निघाला माझ्याच घरचा. अरबीत 'मखजन' म्हणजे साठवणीची जागा, कोठार. आपण मराठीत रोज वापरतो तो 'खजिना' त्याच घराण्यातला. व्यापाऱ्यांच्या जहाजांबरोबर हा मखजन इटलीत गेला, तिथून फ्रान्सला, मग इंग्लंडला. तिकडे तो दारूगोळ्याच्या कोठाराला चिकटला. ११ मे १८५७ रोजी दिल्लीत इंग्रजांनी बंडवाल्या शिपायांच्या हाती लागू नये म्हणून जे उडवून दिले, ते दिल्लीचे मॅगझीनच होते. लंडनमध्ये १७३१ साली एका संपादकाने आपल्या मासिकाला 'जंटलमन्स मॅगझीन' असे नाव दिले, म्हणजे लेखांचे कोठार. आणि १९०१ मध्ये लाहोरला शेख अब्दुल कादिर यांनी उर्दू मासिक काढले, तेव्हा नाव ठेवले 'मखजन'. शब्द सगळी दुनिया फिरून पुन्हा घरी आला.

पण हवालदार काकांना या शब्दाच्या प्रवासात रस नव्हता. त्यांची सारी नोकरी पोलिसांच्या शस्त्रागारात आणि नंतर आमच्या जंगलपट्ट्यातल्या ठाण्यांवर गेली. हत्यारे पुसायची, तपासायची, मोडके सुटे भाग बदलायचे, हे त्यांचे काम. त्यांचे एक वाक्य मी गेली पंचवीस वर्षे ऐकत आलो आहे. ते म्हणतात, "बंदूक दगा नाही देत जी. तिची डबी दगा देते."

आज मला या डबीबद्दल बोलायचे आहे. कवीने पिस्तुलावर कशाला बोलावे, असे कुणी विचारील. पण आमच्या या पट्ट्यात चाळीस वर्षे बंदुकीचा आवाज ऐकण्यात गेली. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात २००९ या एकाच वर्षात मरकेगावला १५ आणि लाहेरीला १७ पोलीस मारले गेले. बंदूक चालते कशी आणि अडते कशी, हा प्रश्न इथे केवळ यंत्रशाळेचा राहत नाही. शिवाय या देशाच्या इतिहासातल्या दोन-तीन प्रसंगांचे धागेही या डबीपाशी येऊन थांबतात.

आधी डबी समजून घेऊ. आमच्या धानपट्टीत रात्री बांधावर पाणी पाहायला जाणारा प्रत्येक जण तीन सेलची टॉर्च वापरत आला आहे. टॉर्चच्या मागच्या झाकणात एक स्प्रिंग असते. ती सेल पुढे दाबून धरते. स्प्रिंग गंजली किंवा दबून गेली की सेल नवे असले तरी उजेड लुकलुकतो. आपण टॉर्चवर थापा मारतो, सेल बदलतो. दोष मात्र चार आण्याच्या स्प्रिंगमध्ये असतो. पिस्तुलाचे मॅगझीन हीच गोष्ट आहे. एक लांबट पत्र्याची डबी, तळाला एक पट्टी, आत स्प्रिंग, स्प्रिंगच्या डोक्यावर एक पाटासारखा तुकडा, ज्याला पोलिसांत प्लॅटफॉर्म म्हणतात, आणि त्यावर एकावर एक बसलेल्या गोळ्या. डबीच्या तोंडाशी पत्रा दोन्ही बाजूंनी आत वळवलेला असतो. त्या वळलेल्या कडांना ओठ म्हणतात.

आम्हा गझलवाल्यांनी ओठांवर शेकडो शेर खर्च केले. पण ओठांचे खरे महत्त्व मला हवालदार काकांनी शिकवले. स्प्रिंग गोळीला सतत वर ढकलत असते आणि ओठ तिला थोपवून धरतात. गोळी झाडली की पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाईड, धक्क्याने मागे जातो आणि रिकामे काडतूस बाहेर फेकतो. तो मागे असतानाच स्प्रिंगने पुढची गोळी ओठांपर्यंत वर आणून ठेवलेली असली पाहिजे. स्लाईड पुढे येताना त्या गोळीच्या बुडाला ढकलते, गोळी ओठांखालून सरकते, तिचे नाक वर उचलले जाते, आणि ती एका लहानशा उतरणीवरून नळीच्या तोंडात जाऊन बसते. हे सारे डोळ्याची पापणी लवायच्या आत होते. स्प्रिंगला मिळणारा वेळ एका सेकंदाचा अगदी लहानसा अंश असतो. तेवढ्यात ती पोहोचली तर पिस्तूल चालले, नाही पोहोचली तर अडले.

म्हणून बिघाडही ठरलेले आहेत. स्प्रिंग थकली असेल तर गोळी उशिरा वर येते. मग स्लाईड तिच्या डोक्यावरून रिकामीच पुढे जाते, किंवा बुडाऐवजी तिच्या पोटावर आदळते. एक ओठ केसभर फाकला असेल तर गोळी लवकर सुटते आणि नाक आकाशाकडे करून मध्येच उभी राहते. ओठ आत दबले असतील तर ती घट्ट बसते, सुटतच नाही. डबीच्या अंगाला पोचा पडला असेल तर गोळ्यांचा थर तिथे अडतो, आणि खालच्या गोळ्या वर येईनात. प्लॅटफॉर्म तिरका झाला तर गोळी नाक खाली घालते आणि उतरणीच्या पायथ्याला धडकते. डबी पिस्तुलात पकडून ठेवणारी खाच झिजली असेल तर डबी थोडी खाली बसते, आणि मग आतले सारे ठाकठीक असूनही काम बिघडते.

यात हवापाण्याचाही वाटा असतो. आमच्याकडे चार महिने पाऊस. हत्यार गंजू नये म्हणून नवा शिपाई मॅगझीनमध्येही भरपूर तेल ओततो. पुढे उन्हाळा येतो, रस्त्याची तांबडी धूळ त्या तेलात बसते, आणि आत चिखलाचा लेप तयार होतो. काका म्हणायचे, "तेल नळीला, डबीला नुसतं पुसणं." मॅगझीन आतून जवळजवळ कोरडेच ठेवायचे, फक्त गंज धरणार नाही एवढा तेलाचा हात फिरवायचा, ही त्यांची शिस्त.

आणखी एक समज त्यांनी मोडून काढला. भरलेले मॅगझीन ठेवून दिले की स्प्रिंग मरते, असे पुष्कळांना वाटते. चांगल्या पोलादाची स्प्रिंग, तिच्या मर्यादेत दाबलेली असेल, तर नुसत्या दबून राहण्याने फारशी थकत नाही. ती थकते पुन्हा पुन्हा दबण्या-सुटण्याने, मर्यादेपलीकडे कोंबल्याने आणि गंजाने. म्हणून स्प्रिंग हा बदलायचा भाग आहे, हे धरूनच चालायचे. आणि दोष शोधण्याची युक्ती तर शाळकरी मुलालाही समजेल अशी आहे. प्रत्येक मॅगझीनवर रंगाने आकडा घालायचा. पिस्तूल अडले की कोणत्या आकड्याचे मॅगझीन होते ते लिहायचे. तेच मॅगझीन दुसऱ्या पिस्तुलात घालून पाहायचे. बिघाड मॅगझीनबरोबर गेला तर गुन्हेगार सापडला. बिघाड मागेच राहिला तर पिस्तूल तपासायचे.

ही डबी आली कधी? त्याआधी होते रिव्हॉल्व्हर. त्यात मॅगझीन नाही. फिरत्या चक्रात पाच-सहा घरे, प्रत्येक गोळीला स्वतःचे घर. एक गोळी फुसकी निघाली तर चाप पुन्हा ओढायचा, चक्र फिरते, दुसरी पुढे येते. १८९३ मध्ये ह्यूगो बोरखार्ट याने मुठीच्या पोकळीत आठ गोळ्यांची काढता-घालता येणारी डबी बसवली. त्यानंतर अमेरिकेचा जॉन ब्राउनिंग आणि बेल्जियममधला हर्स्टलचा कारखाना यांची जोडी जमली. त्यांच्या १९०० सालच्या नमुन्यात सात गोळ्यांचे मॅगझीन होते. पिस्तूल चपटे झाले आणि कोटाच्या खिशात मावू लागले. पण आता साऱ्या गोळ्यांचे भवितव्य एका स्प्रिंगवर आणि दोन ओठांवर आले.

त्यात ब्राउनिंगपुढे एक अडचण होती. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाच्या बुडाला रुंद कडा असते. त्या कडेमुळे काडतूस चक्राच्या घरातून पुढे सरकून जात नाही. मात्र अशी काडतुसे डबीत एकावर एक ठेवली की कडेत कडा अडकते. आपल्या पोलिसांनी पिढ्यानपिढ्या खांद्यावर वाहिलेली थ्री-नॉट-थ्री रायफल ज्यांनी भरली आहे, त्यांना हे सांगायला नको. वरच्या गोळीची कडा खालच्या गोळीच्या कडेच्या पुढे बसली पाहिजे. ती मागे पडली की वरची गोळी पुढे सरकताना खालचीला ओढू पाहते आणि दोघी अडतात. ब्राउनिंगने आपल्या ७.६५ मिलिमीटर काडतुसाची कडा जवळजवळ पुसून टाकली, पण पूर्ण नाही. त्यामुळे अडचण कमी झाली, पण मिटली नाही. मॅगझीन निष्काळजीपणे भरले किंवा गोळ्यांना आत मागेपुढे हलायला जागा राहिली, तर त्या काडतुसाच्या कडा आजही एकमेकींत गुंततात. पुढे बिनकडेची काडतुसे सर्रास झाली, तेव्हा ही कटकट संपली.

याच हर्स्टलच्या ब्राउनिंगची नाशिकच्या इतिहासाशी गाठ पडली. १९०९ च्या आरंभी लंडनच्या इंडिया हाउसमधून विनायक दामोदर सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन या तिथल्या आचाऱ्याबरोबर मुंबईला पाठवली. पेटीला खोटा तळ होता. त्याच वर्षी जून महिन्यात बाबाराव सावरकरांना जन्मठेप झाली. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'संगीत शारदा'चा प्रयोग होता. नाशिकहून बदली झालेले कलेक्टर जॅक्सन यांना निरोप द्यायचा तो समारंभ. सतरा-अठरा वर्षांचा अनंत लक्ष्मण कान्हेरे, औरंगाबादला शिकणारा कोकणातला मुलगा, ब्राउनिंग घेऊन आत बसला होता. त्याने जॅक्सनवर गोळ्या झाडल्या आणि जॅक्सन जागीच कोसळले.

एका गोष्टीकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. त्या रात्री कान्हेरे एकटा नव्हता. त्याचे काम फसले तर पुढे व्हायला कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे तयारीत होते. माणसे आपल्या निश्चयाबद्दल निःशंक होती. पण नेम आणि यंत्र या दोन गोष्टींबद्दल कुणीही निःशंक असू शकत नाही, हे त्या तरुणांना कळले होते. पुढे १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात तिघेही फासावर गेले. जॅक्सन संस्कृतचे अभ्यासक होते, लोक त्यांना पंडित म्हणत. आपल्या इतिहासात कान्हेरे हुतात्मा आहे आणि तो मान त्याने प्राण देऊन मिळवला. तरीही नाट्यगृहातल्या त्या रात्रीचा विचार करताना मला नेहमी वाटते की पत्र्याच्या त्या डबीला यातले काहीच माहीत नव्हते. कलेक्टर कोण, देशभक्त कोण, हे तिला कळत नाही. तिला फक्त वर ढकलणे कळते.

डबी अडली म्हणून गाजलेला प्रसंग दूरदेशीचा आहे. २७ मे १९४२ रोजी प्रागमध्ये हायड्रिख या नाझी अधिकाऱ्याच्या मोटारीपुढे गाब्चिक नावाचा तरुण स्टेनगन रोखून उभा राहिला. त्याने चाप ओढला आणि बंदूक चाललीच नाही. सोबत्याने बाँब फेकला म्हणून काम झाले, आणि हायड्रिख आठवड्याभराने मेला. त्या दिवशी नेमके काय अडले, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. पण स्टेनचे मॅगझीन बदनाम होते, यात वाद नाही. त्यात ३२ गोळ्या दोन रांगांत भरत आणि तोंडाशी त्या दोन रांगांची एक रांग होई. जत्रेत दोन रांगा एका दारात शिरताना जे होते, तेच तिथे होई. थोडी धूळ, थोडा पोचा, की सारे ठप्प. म्हणून अनुभवी शिपाई त्यात दोन-चार गोळ्या कमीच भरत. पुढे इंग्रजांनी स्टर्लिंग कार्बाइन आणली तेव्हा डबीच बदलली. ती वाकडी केली, प्लॅटफॉर्मवर छोटे रूळ बसवले आणि दोन रांगा तोंडापर्यंत दोनच ठेवल्या. तीच कार्बाइन आपल्याकडे कानपूरला बनली आणि आपल्या पोलिसांच्या खांद्यावर आली.

मग कुणी म्हणेल, दोन रांगांची एक रांग करणे हीच चूक होती का? तसेही नाही. हवालदार काकांच्या तेरा गोळ्यांच्या पिस्तुलात तेच केले आहे. ब्राउनिंग १९२६ मध्ये वारला. त्याचे अर्धवट राहिलेले काम त्याचा बेल्जियन सहकारी द्यूदोने सेव्ह याने पुरे केले, आणि १९३५ मध्ये हाय-पॉवर पिस्तूल बाजारात आले. तिरप्या दोन रांगा वर येताना हळूहळू निमुळत्या होत एका रांगेत मिळतात, अशी ती डबी सेव्हची. महायुद्धात कॅनडात टोरोंटोच्या इंग्लिस कंपनीने ती पिस्तुले बनवली, आणि त्याच नमुन्यावर पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीत आपले नऊ मिलिमीटरचे पिस्तूल तयार होऊ लागले. कल्पना स्टेनसारखीच, पण पत्रा चांगला, निमुळतेपणा बेताचा आणि ओठ काळजीने वळवलेले. रचना कितीही हुशारीची असो, ती शेवटी पत्र्यातच उतरवावी लागते. आणि पत्रा चांगला असला तरी तो सांभाळणारा हात लागतोच.

आता मी १९४८ कडे येतो. ते सांगताना माझा आवाज थोडा बदलतो, हे मला माहीत आहे.

२० जानेवारी १९४८. दिल्लीत गांधीजींच्या प्रार्थनासभेत त्यांना मारायचा कट होता. त्याच दिवशी सकाळी कटातल्या काही जणांनी हिंदू महासभा भवनामागच्या झाडीत दोन रिव्हॉल्व्हर तपासून पाहिली. माफीचा साक्षीदार झालेल्या दिगंबर बडगेने ते पुढे कोर्टात सांगितले. एक धड चालेना, दुसऱ्याची गोळी समोरच्या झाडापर्यंतही गेली नाही. संध्याकाळचा बेत फसला त्याला इतरही कारणे होती. बडगे ऐनवेळी कचरला, आणि मदनलाल पाहवाने स्फोट केल्यावर तो जागीच पकडला गेला. पण हत्यारांचा भरवसा नव्हता, हेही त्यातले एक कारण.

मग नथुराम गोडसे भरवशाच्या हत्याराच्या शोधात निघाला. ते त्याला ग्वाल्हेरला मिळाले. इटालियन बेरेटा, १९३४ चा नमुना, नंबर ६०६८२४. साधी, एका रांगेची, सात गोळ्यांची डबी. काडतूस बिनकडेचे, आखूड आणि गोल नाकाचे. अडायला जागाच कमी. ३० जानेवारीला संध्याकाळी तीन गोळ्या सुटल्या. स्प्रिंगने दुसरी वर दिली, तिसरीही वर दिली. एकदाही काही अडले नाही.

माझे आजोबा त्या संध्याकाळची गोष्ट सांगत. गावात एका सावकाराकडे रेडिओ होता. बापूंना कुणी तरी मारले, एवढीच बातमी आधी आली. कुणी मारले ते कळले नव्हते. आजोबांनी घराचे दार लावून घेतले, दिवा बारीक केला आणि मुलांना जवळ घेऊन बसले. त्यांचे डोळे भरले होते आणि कान दारावरच्या थापेकडे लागले होते. एका माणसाला एकाच वेळी दोन गोष्टींसाठी रडावे लागते, असे ते म्हणत. नाव कळले तेव्हा शेजारचे पाटील स्वतः दार वाजवायला आले आणि म्हणाले, "उघड गा, भिऊ नको." आजोबांनी दार उघडले. पुढे पुष्कळ वेळ दोघेही उंबऱ्यावर बसून होते.

लहानपणी मला वाटायचे, ती डबी त्या दिवशी अडली असती तर! एखादा ओठ केसभर फाकलेला असता तर! कितीतरी वर्षे मी हा विचार केला आहे. यावर एक कविताही लिहिली आणि फाडून टाकली. ती फाडण्याचे कारण हवालदार काकांनी सांगितलेली एक रात्र.

ती १९९० च्या आसपासची गोष्ट. कुठले ठाणे आणि कोण साहेब, ते काकांनी मला सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. थंडीचे दिवस होते, धान कापून झाले होते. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि प्रयोग पहाटेपर्यंत चालतात. फौजदार साहेब चार माणसे घेऊन रात्री गस्तीला निघाले होते. नाल्याजवळ अंधारात एक आकृती दिसली. वर्दी पाहून ती पळाली. साहेबांनी थांबायला सांगितले, ती थांबेना. साहेबांनी पिस्तूल काढले आणि एक गोळी झाडली. ती चुकली. दुसऱ्यांदा चाप ओढला तर काहीच नाही. गोळी नाक वर करून मध्येच उभी राहिली होती.

काका सांगतात, अशी अडलेली गोळी काढायला सराईत माणसाला दोन सेकंद लागतात. साहेबांचा डावा हात स्लाईडवर गेलाही होता. तेवढ्यात नाल्यातून रडवेला आवाज आला, "नाटक पाहून येऊन रायलो जी, साहेब!" चौदा-पंधरा वर्षांचा पोरगा होता. साहेबांचा हात स्लाईडवर तसाच राहिला. त्यांनी ती ओढली नाही. मग ते खाली बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

सकाळी काकांनी ते मॅगझीन तपासले. ते केव्हा तरी दगडावर पडले असावे. डावा ओठ किंचित फाकला होता. बोटाने कळला नसता, उजेडात धरल्यावर दिसला. काकांनी वहीत ते निकामी म्हणून लिहिले आणि जमा केले. हे ऐकून त्यांच्या घरच्या काकू म्हणाल्या, "अहो, त्यानं त्या लेकराचा जीव वाचवला, अन् तुम्ही ते भंगारात काढलं?" मीही तेच म्हणालो असतो. काकांनी उत्तर दिले, "त्यानं नाही वाचवलं. ते नुसतं अडलं. पोराला वाचवलं साहेबाच्या थांबण्यानं." थोड्या वेळाने म्हणाले, "पुढच्या खेपेला ते माझ्या माणसाच्या हाती अडलं असतं."

मित्रहो, त्या दिवशी मला माझी कविता खोटी वाटली.

बिघाड कुणाला वाचवत नाही आणि कुणाला मारत नाही. तो फक्त वेळ देतो. कधी दोन सेकंद, कधी त्याहून जास्त. २० जानेवारी १९४८ च्या फसलेल्या बेताने या देशाला दहा दिवस दिले होते. मदनलाल पोलिसांच्या ताब्यात होता. त्याच्या जबानीत पुण्याच्या एका वृत्तपत्राच्या संपादकाचा उल्लेख आला होता. मुंबईच्या रुईया कॉलेजचे प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी २१ तारखेलाच मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई यांना जाऊन आपल्याला जे माहीत होते ते सांगितले. पुण्यातला एक संपादक ओळखून काढायला दहा दिवस पुरेसे होते. न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांच्या आयोगाने १९६९ च्या अहवालात या दहा दिवसांचाच हिशेब मांडला आहे. तो वाचताना वाटते की अडली होती ती पिस्तुलाची डबी नव्हे, माणसांची साखळी. एका खात्याने पुढे ढकललेली माहिती दुसऱ्या खात्याच्या तोंडाशी येऊन थांबली. कुठे स्प्रिंग ढिली होती, कुठे ओठ घट्ट मिटलेले होते.

नाल्याकाठच्या त्या फौजदाराला दोन सेकंद मिळाले आणि त्याने ते वापरले. दिल्ली-मुंबईच्या कचेऱ्यांना दहा दिवस मिळाले आणि ते गेले. म्हणून आता मी 'डबी अडली असती तर' असे म्हणत नाही. यंत्र ठणठणीत असावे. पोलिसाच्या हातातले तर असावेच, कारण त्याच्या मागे घरदार असते. थांबायचे की नाही, हे मात्र माणसाने ठरवावे. ते गंजावर सोपवू नये.

हवालदार काका आता ऐंशीच्या घरात आहेत. हात थरथरतात. परवा त्यांच्या टॉर्चचा उजेड लुकलुकत होता. मी नवे सेल आणून दिले. त्यांनी ते बाजूला ठेवले, झाकण उघडले, आतली स्प्रिंग बोटाने थोडी ओढून लांब केली, टोकाचा गंज पंचाच्या कोपऱ्याने पुसला आणि जुनेच सेल पुन्हा आत घातले. टॉर्च झक्क लागली.

"सेल चांगलेच होते भाई," ते म्हणाले. मग नवे सेल माझ्या हातात परत देत विचारले, "अन् काय जी, तुमच्या मॅगझीनमधी यंदा काही येऊन रायलं का नाही?"

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)